पहिल्यांदा लॅबमध्ये जाताय? मोजायचं कसं, लिहायचं कसं, युनिट बदलायचं कसं

दहावीपर्यंत प्रयोग म्हणजे सरांनी टेबलावर करून दाखवायचा आणि आपण मागच्या बाकावरून माना वर करून बघायचा, बहुतेक शाळांत असंच असतंय. मग राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा कुठून कुठून पोरंपोरी कोल्हापुरात अकरावी सायन्सला नाहीतर बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला येतात आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला हातात व्हर्नियर (सरकत्या जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायचं उपकरण) देऊन "लीस्ट काउंट काढा" म्हटलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागतात. शेजारच्याच्या वहीतून आकडे उतरवायची सुरुवात तिथूनच होते आणि ती सवय एकदा लागली की तिसऱ्या वर्षापर्यंत सुटत नाही. मी बारावी आणि बीएस्सीची सगळी प्रॅक्टिकल्स करून बाहेर पडलोय, ज्युनिअर पोरं दरवर्षी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं त्यातूनच येतंय. उपकरणाला जेवढं दिसतंय तेवढंच आपण लिहायचं. पुस्तकातलं उत्तर माहिती आहे म्हणून आकडा तिकडं ढकलायचा नाही आणि कॅल्क्युलेटरनं आठ दशांश दिले म्हणून आठही उतरवायचे नाहीत.

१. पिशवीत काय काय पाहिजे

- ॲप्रन. कॉटनचा घ्या, नायलॉनसारखा कपडा आगीजवळ वितळून अंगाला चिकटतो.
- आयकार्ड, जर्नल आणि वेगळी रफ वही. सुटे कागद नकोत, हरवतात.
- पेन्सिल, खोडरबर, फूटपट्टी, ग्राफ पेपर.
- लॉग टेबल. बारावी बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळं प्रॅक्टिकलपासूनच लॉगची सवय लावून घ्या. बीएस्सीवाल्यांनी साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर.
- एक जुना सुती नॅपकिन आणि काडेपेटी.
- केमिस्ट्रीला पायात बंद बूट, चप्पल नको. केस लांब असतील तर बांधून.

रीडिंग रफ वहीत पेनानंच लिहा. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, खोडायचं नाही, कारण बऱ्याचदा चुकीचं म्हणून खोडलेलंच रीडिंग बरोबर निघतंय आणि मग ते परत मिळत नाही. पेन्सिल फक्त आकृती आणि ग्राफला.

२. उपकरण हातात आलं की आधी लीस्ट काउंट

लीस्ट काउंट म्हणजे त्या उपकरणावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप. वस्तू हातात घ्यायच्या आधी हे काढून वहीत वरती लिहायचं, पाठ केलेलं नाही, समोरच्या उपकरणाचं.

कॉलेजच्या साध्या व्हर्नियरवर मेन स्केलचा एक भाग १ मिमीचा असतो आणि व्हर्नियरचे १० भाग मेन स्केलच्या ९ भागांवर बसवलेले असतात. १ मिमी भागिले १० म्हणजे ०.१ मिमी, म्हणजेच ०.०१ सेमी. आता खरी अडचण बघा. ज्यांच्या घरात कुणी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत टर्नर-फिटर आहे त्यांनी घरी व्हर्नियर बघितलेला असतो, पण वर्कशॉपच्या व्हर्नियरवर बऱ्याचदा ५० भाग असतात आणि त्याचं लीस्ट काउंट ०.०२ मिमी असतं. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून भाग मोजल्याशिवाय लीस्ट काउंट लिहू नका.

स्क्रू गेजला (तारेसारखी बारीक जाडी मोजायचं उपकरण) पिच, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, भागिले गोल स्केलचे भाग. पिच १ मिमी आणि भाग १०० असले तर ०.०१ मिमी, पिच ०.५ मिमी आणि भाग ५० असले तरी ०.०१ मिमीच. पिच काढायची म्हणजे स्क्रू पूर्ण पाच फेरे फिरवायचा, किती मिमी सरकला ते बघायचं आणि पाचनं भागायचं. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवर मेन स्केल साधारण अर्ध्या मिमीचं आणि व्हर्नियरचे ५० भाग, तिथंही ०.०१ मिमी. स्पेक्ट्रोमीटरला मेन स्केलचा एक भाग अर्धा अंश म्हणजे ३० मिनिटं आणि व्हर्नियरचे ३० भाग असतील तर लीस्ट काउंट १ मिनिट.

३. झिरो एरर, आणि त्याचं चिन्ह

व्हर्नियरचे जबडे वस्तू न धरता पूर्ण मिटवा. दोन्ही शून्यं जुळली तर झिरो एरर नाही. व्हर्नियरचं शून्य मेन स्केलच्या शून्याच्या उजवीकडं गेलं तर एरर पॉझिटिव्ह, डावीकडं राहिलं तर निगेटिव्ह.

पॉझिटिव्ह सोपं आहे. दुसरी रेघ जुळली तर एरर +०.०२ सेमी आणि तो रीडिंगमधनं वजा करायचा. निगेटिव्हला सगळे अडकतात. समजा ७ वी रेघ जुळली, तर एरर ०.०७ नव्हे, १० मधून ७ गेले ३, म्हणजे -०.०३ सेमी. वजा करायचं म्हणजे इथं प्रत्यक्षात ०.०३ मिळवायचं. रीडिंग २.३६ आलं असेल तर खरं माप २.३९.

स्क्रू गेजलाही हेच, फक्त तिथं गोल स्केलचं शून्य बेस लाइनच्या खाली थांबलं की पॉझिटिव्ह आणि बेस लाइन ओलांडून वर गेलं की निगेटिव्ह. कॉलेजचे स्क्रू गेज वर्षानुवर्षं वापरलेले असतात, झिरो एरर नसलेला क्वचितच मिळतो, त्यामुळं वहीत "झिरो एरर : नाही" असं लिहिलेलं दिसलं की सर हमखास उपकरण मागून घेऊन बघतात.

४. रीडिंग घेताना

व्हर्नियरवर दोन आकडे वाचायचे. व्हर्नियरच्या शून्याच्या लगेच डावीकडं मेन स्केलची जी रेघ आहे ती पहिला आकडा, समजा २.३ सेमी. मग व्हर्नियरची कुठली रेघ मेन स्केलच्या कुठल्याही रेघेशी तंतोतंत जुळते ते बघायचं, समजा ६ वी. सहा गुणिले ०.०१ म्हणजे ०.०६. एकूण २.३६ सेमी. मेन स्केल जबड्याच्या कडेपाशी वाचायचं नाही, व्हर्नियरच्या शून्यापाशी वाचायचं, पहिल्या दिवशी निम्मी बॅच इथंच गडबडते.

स्क्रू गेज शेवटी शेवटी रॅचेटनंच फिरवा, मागच्या त्या छोट्या टोपीनं. कटकट आवाज आला की थांबायचं. मधला जाड भाग धरून आवळला तर तांब्याची तार दबते आणि तुम्ही मूळ तार नाही, चेपलेली तार मोजता. फिरवताना एकाच दिशेनं फिरवत या, पुढं गेलं म्हणून थोडं मागं घेतलं की स्क्रूच्या आट्यांतली ढिलाई रीडिंगमध्ये शिरते, त्याला बॅकलॅश म्हणतात. अर्ध्या मिमी पिचच्या गेजवर बेस लाइनखाली अर्ध्या मिमीच्या बारीक रेघा असतात, ती रेघ उघडी पडलीये का ते बघायला विसरलं तर रीडिंग सरळ ०.५ मिमीनं चुकतंय. तार एका जागी मोजली की तिथंच ९० अंश फिरवून परत मोजा, कारण तार अगदी गोल कधी नसते.

५. कुठल्या कामाला कुठलं उपकरण

हा भाग बरेचजण उडी मारून पुढं जातात, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सगळ्यात जास्त इथलंच विचारतात.

समजा तारेचा व्यास ०.५१ मिमी आहे. स्क्रू गेज ०.०१ मिमीपर्यंत बघतो, म्हणजे व्यासात साधारण २ टक्के चूक शक्य आहे. रेझिस्टिव्हिटी काढताना क्षेत्रफळ लागतं, क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून तिथं चूक दुप्पट, ४ टक्के. हीच तार ०.१ मिमीच्या व्हर्नियरनं मोजली तर व्यासात २० टक्के आणि क्षेत्रफळात ४०. मग तारेची लांबी मीटरपट्टीवर कितीही जपून मोजा, काही उपयोग नाही. फॉर्म्युला आला की आधी बघायचं की कुठल्या राशीचा वर्ग किंवा घन आहे आणि कुठली राशी सगळ्यात बारीक आहे. तिथं चांगलं उपकरण आणि जास्त रीडिंग्ज. बाकीच्या ठिकाणी पट्टी चालते.

६. काटा

डिजिटल काटा असेल तर पंखा बंद करायला सांगा, वॉच ग्लास किंवा बटर पेपर ठेवून टेअर (आकडा शून्य करायचं बटण) दाबा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. केमिकल थेट पॅनवर टाकायचं नाही. गरम वस्तूही ठेवायची नाही, गरम हवा वर जाते आणि वजन कमी दिसतं. जादा घेतलेलं केमिकल परत बाटलीत ओतायचं नाही, सगळी बाटली बिघडते.

स्टँडर्ड सोल्यूशनसाठी ऑक्झॅलिक ॲसिड देतात कारण ते कोरडं, शुद्ध आणि हवेत टिकणारं आहे. सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे काट्यावरच हवेतला ओलावा ओढून चकाकायला लागतात, ते तोलून नेमकं सोल्यूशन होत नाही, म्हणून ते अंदाजे करून ऑक्झॅलिकच्या विरुद्ध टायट्रेट करून घेतात, म्हणजे ठरावीक ऑक्झॅलिकला ते नेमकं किती मिलि पुरतं ते ब्युरेटनं मोजतात.

२५० मिलि ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडला १.५७५ ग्रॅम लागतं. २५० मिलि ०.१ मोलरला ३.१५ ग्रॅम. कारण मोलर वस्तुमान १२६ आणि इक्विव्हॅलंट वजन त्याच्या निम्मं, ६३. प्रश्नपत्रिकेत नॉर्मल म्हटलंय की मोलर, हे बोट ठेवून वाचा. परमँगनेटला फरक पाचपट आहे, ॲसिडमध्ये ०.०२ मोलर म्हणजेच ०.१ नॉर्मल.

७. ब्युरेट, पिपेट आणि बाकीची काच

केमिस्ट्री प्रॅक्टिकलचे मार्क इथं ठरतात, म्हणून जरा सविस्तर.

कुठली भांडी कशानं विसळायची हे पक्कं डोक्यात ठेवा. ब्युरेट आणि पिपेट आधी पाण्यानं, मग ज्या सोल्यूशननं भरायचंय त्याच सोल्यूशननं. कॉनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. फ्लास्क सोल्यूशननं विसळला तर आत चिकटून राहिलेले थेंब मोजणीत जादा येतात, पाणी राहिलं तर काही बिघडत नाही कारण पिपेटनं घातलेल्या ॲसिडचं प्रमाण तेवढंच राहतंय. फ्लास्क कोरडा करत बसायची गरज नाही.

ब्युरेट भरल्यावर फनेल काढून ठेवा, नाहीतर त्यातला थेंब मध्येच पडतो आणि रीडिंग बदलतं. नॉझलमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर खालची तोटी एकदम उघडून जोरात सोडा. ब्युरेट सरळ उभी आहे का, लांबून एकदा बघा. सुरुवात ०.० वरच पाहिजे असं काही नाही, १.२ वर सुरू केलं तरी चालतं, शेवटी फरकच घ्यायचाय.

रीडिंग घेताना डोळा द्रवाच्या पातळीत आणायचा, स्टुलावर चढा नाहीतर वाका. वरून बघितलं की वेगळं आणि खालून बघितलं की वेगळं दिसतं. पाण्यासारख्या सोल्यूशनला खालची वक्ररेषा वाचायची. मागं पांढरा कागद धरला की स्वच्छ दिसते. परमँगनेट इतकं गडद असतं की खालची रेषा दिसतच नाही, तिथं वरची कड वाचतात, पण मग सुरुवातीलाही वरचीच आणि शेवटीही वरचीच. परमँगनेटला काचेच्या तोटीची ब्युरेट घ्या, रबर असलेली नको, परमँगनेट रबर खातं. सोडियम हायड्रॉक्साइडला उलट, काचेची तोटी त्यात चिकटून बसते, म्हणून काम झाल्या झाल्या धुवायची.

पिपेटला बल्ब वापरा. तोंडानं ओढायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते, मी त्याच्या ठाम विरोधात आहे. टोक द्रवाबाहेर आलं की हवा आत जाते आणि पिपेटमधलं सगळं एकदम वर येतं, आणि ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. लॅबमधल्या मामांना मागितलं तर बल्ब बहुतेक ठिकाणी कपाटातून निघतोच. खुणेपर्यंत आणून सोडताना टोक फ्लास्कच्या काचेला टेकवा, शेवटचा थेंब आत राहतो तो फुंकून काढायचा नाही, पिपेट बनवताना तो थेंब धरूनच खूण केलेली असते.

आता प्रत्यक्ष टायट्रेशन. पहिलं रीडिंग पायलट, भराभर सोडून एंड पॉइंट (रंग बदलून रिॲक्शन पूर्ण झाल्याचं कळतं ती जागा) अंदाजे कुठं येतोय ते बघायचं. समजा १० च्या आसपास आला, तर पुढच्या वेळी ९ पर्यंत सरळ सोडा आणि मग थेंब थेंब. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत राहायचं. फिनॉल्फ्थॅलीन या इंडिकेटरचा गुलाबी रंग जिथं थेंब पडतो तिथं उठतो आणि हलवलं की विरतो, जसजसा एंड पॉइंट जवळ येईल तसतसा विरायला वेळ लागतो, तीच खूण. फ्लास्कभर अगदी फिका गुलाबी रंग येऊन साधारण अर्धा मिनिट टिकला की झालं. गडद गुलाबी आला म्हणजे पुढं गेला, ते रीडिंग धरू नका. शेवटी अर्धा थेंब लागला तर नॉझलच्या टोकाला लोंबलेला थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायचा आणि वॉश बॉटलनं आत ढकलायचा.

परमँगनेट आणि ऑक्झॅलिकला सोल्यूशन ६० ते ७० अंशांपर्यंत गरम लागतं. पहिले थेंब पडले की रंग जाता जात नाही, लगेच घाबरून एंड पॉइंट आला असं समजू नका. मँगनीजचे आयन तयार झाले की तेच पुढच्या रिॲक्शनला वेग देतात आणि मग रंग झटकन जायला लागतो.

तीन रीडिंगमधली दोन सारखी आली की ती सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग). १०.१, १०.१, १०.२ आलं तर १०.१. तिन्ही तंतोतंत सारखी दाखवायचा हट्ट नको. चांगल्या प्रतीच्या २५ मिलि पिपेटलाच ०.०३ मिलि इकडंतिकडं चालतं आणि ५० मिलि ब्युरेटला ०.०५. मेजरिंग सिलिंडर तर अर्धा मिलि किंवा जास्त चुकवतो, म्हणून सिलिंडर इंडिकेटर, डायल्यूट ॲसिड असल्या अंदाजे गोष्टींनाच. स्टँडर्ड फ्लास्क, पिपेट यांच्यावर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असं तापमान छापलेलं असतं, म्हणजे खूण त्या तापमानाची आहे. गरम सोल्यूशन भरून खुणेपर्यंत आणलं की थंड झाल्यावर पातळी खाली जाते.

आणि ॲसिड डायल्यूट करताना ॲसिड पाण्यात, हळूहळू, ढवळत. पाणी कधीही कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये नाही, ते उकळून तोंडावर उडतं. अंगावर पडलं तर नळाखाली पंधरा मिनिटं भरपूर पाणी, आणि सरांना लगेच सांगा, लपवू नका.

८. वेळ आणि तापमान : कोल्हापूरचे आकडे वेगळे आहेत

पाणी उकळायला ठेवलं आणि थर्मामीटर ९८ वर थांबला तर थर्मामीटर खराब नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथं हवेचा दाब कमी, पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. वहीत ९८ लिहा आणि का ते एका ओळीत लिहा. थर्मामीटरचा फुगा बीकरच्या बुडाला टेकवायचा नाही. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर पारा हातानं गोळा करायचा नाही.

साध्या पेंड्युलमचंही तसंच. त्यावरून जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचं असतं आणि सगळे ९८१ येण्यासाठी आकडे मागून लावतात. कोल्हापूरच्या अक्षांशाला आणि उंचीला जी चं मूल्य ९७८ सेमी प्रति सेकंद वर्गाच्या आसपास आहे! आणि त्याहून महत्त्वाचं, एक मीटर लांबीच्या पेंड्युलमला २० दोलनांना सुमारे ४०.२ सेकंद लागतात, ९७८ आणि ९८१ यांच्यात या वेळेत फक्त ०.०६ सेकंदाचा फरक पडतो. स्टॉपवॉच दाबायला आपल्या हाताला ०.२ सेकंद इकडंतिकडं होतातच. म्हणजे तो फरक तुमच्या हाताला दिसूच शकत नाही. ०.२ सेकंदांनी जी मध्ये १ टक्का फरक पडतो, ९७० आलं काय, ९८५ आलं काय, प्रयोग चांगलाच झालाय. जसं आलं तसं लिहा.

२० दोलनं घ्यायचं कारणही हेच, तीच ०.२ सेकंदांची चूक २० मध्ये वाटली जाते. एकच दोलन मोजलं तर वेळेत १० टक्के आणि जी मध्ये २० टक्के चूक. मोजताना घड्याळ सुरू करताना "शून्य" म्हणा, "एक" नाही. "एक" म्हणून सुरू केलं की प्रत्यक्षात १९ च दोलनं होतात. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची आणि झोका लहान ठेवायचा.

९. मीटर आणि सर्किट, थोडक्यात

अमीटर सिरीजमध्ये, व्होल्टमीटर पॅरललमध्ये. अमीटर पॅरललला लावला तर जळतो. लीस्ट काउंट म्हणजे रेंज भागिले भाग, ० ते ३ व्होल्ट आणि ३० भाग असतील तर ०.१ व्होल्ट. काटा सुरुवातीला शून्यावर आहे का बघा. रीडिंग हलत असेल, येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा कनेक्शन सैल असतंय किंवा तारेचं टोक काळं पडलेलं असतंय, पॉलिश पेपरनं घासून परत लावा. सर्किटची प्लग-की फक्त रीडिंगपुरती घाला, तार गरम झाली की रेझिस्टन्स बदलतो.

१०. युनिट बदलणं

यात गणित काही अवघड नाही, तरी मार्क इथंच जातात. माझी पद्धत सांगतो. ऑब्झर्व्हेशन टेबलमध्ये उपकरणावर जे युनिट आहे तेच लिहायचं. टेबल संपलं की खाली एका ठिकाणी सगळे आकडे एकाच पद्धतीत आणायचे, सगळं सीजीएस (सेमी, ग्रॅम, सेकंद) नाहीतर सगळं एसआय (मीटर, किलो, सेकंद), आणि मगच फॉर्म्युला. मध्येच लांबी सेमीत आणि व्यास मिमीत असं मिसळलं की उत्तर दहा, शंभर पटींनी जातं.

आता चार सापळे, आपल्या इथल्याच आकड्यांवर बघा.

पहिला, वर्ग आणि घन. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. एक फूट ०.३०४८ मीटर, म्हणून १०८९ ला ०.३०४८ नं गुणलं तर ३३२ येतं, जे साफ चूक. चौरस फुटाला ०.३०४८ दोनदा गुणायचं, मग गुंठा बरोबर १०१.१७ चौरस मीटर येतो. लॅबमध्ये हेच: १ चौ. सेमी म्हणजे चौरस मीटरचा दहा हजारावा भाग, १ चौ. मिमी म्हणजे दहा लाखावा भाग.

घनाचं उदाहरण पावसाळ्यात रोज बातमीत असतंय. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ०.३०४८ तीनदा गुणलं की ०.०२८३२ घनमीटर, म्हणजे २८.३२ लिटर. म्हणून एका दरवाजातून सेकंदाला जवळपास ४० हजार लिटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, एक मिलि म्हणजे एक घन सेमी, हे दोन लक्षात ठेवले की घनफळाचं काही अडत नाही.

दुसरा, दशांश नसलेल्या गोष्टी दशांशात लिहिणं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, म्हणजे ११.८९ आणि १३.११ मीटर. पातळी ३९ फूट ७ इंच असेल तर ती ३९.७ फूट नव्हे. ७ भागिले १२ म्हणजे ०.५८, ती ३९.५८ फूट, १२.०६ मीटर. स्पेक्ट्रोमीटरवर अगदी हेच होतं, ४८ अंश ३० मिनिटं म्हणजे ४८.५ अंश, ४८.३० नव्हे. मिनिटं-सेकंदांनाही तेच, २ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १५० सेकंद.

तिसरा, भागाकारातली युनिट्स. डेन्सिटी १ ग्रॅम प्रति घन सेमी म्हणजे १००० किलो प्रति घनमीटर, लोखंड ७.८६ चं ७८६० होतं. सरफेस टेन्शन डाइन प्रति सेमीमधून न्यूटन प्रति मीटरमध्ये नेताना १००० नं भागायचं, पाण्याचं ७२ चं ०.०७२. यंग्ज मॉड्युलस न्यूटन प्रति चौ. मीटरमधून डाइन प्रति चौ. सेमीत नेताना १० नं गुणायचं. पाठ नसेल तर वरचं आणि खालचं युनिट वेगवेगळं लिहून बदला, दोन ओळी जादा जातात पण चुकत नाही. ग्रेटिंगवर १५००० रेषा प्रति इंच लिहिलेलं असतं, तिथं २.५४ सेमी भागिले १५००० करायचं, म्हणजे रेषांमधलं अंतर सुमारे १६९३ नॅनोमीटर.

चौथा, तापमान. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवलं की केल्व्हिन, हे सगळ्यांना येतं. पण तापमानातला फरक ५ अंश असेल तर तो केल्व्हिनमध्येही ५ च, २७८ नाही. कॅलरीमेट्रीच्या प्रयोगात हे दरवर्षी कुणीतरी करतंच.

घरात-बाजारात जुनी मापं ऐकू येतात तीही उपयोगी पडतात. प्लंबरचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. दूध संस्थेत लॅक्टोमीटरवर २८ दिसलं तर दुधाची सापेक्ष घनता १.०२८. अशी दोन-चार स्वतः सोडवून बघा, हात बसतो.

११. उत्तरात किती आकडे

२.५ सेमी आणि २.५० सेमी हे लॅबमध्ये एक नाहीत. २.५० लिहिलं म्हणजे तुम्ही ०.०१ सेमीपर्यंत बघितलंय असा अर्थ होतो. व्हर्नियरवर नेमकं अडीच आलं तर २.५० च लिहायचं, पट्टीवर आलं तर २.५. गुणाकार-भागाकारात ज्या आकड्याला सगळ्यात कमी सार्थ अंक आहेत तेवढेच उत्तरात ठेवा, पण गोल करायचं ते शेवटी, मधल्या पायऱ्यांत एखादा अंक जादा राहू द्या.

१२. परीक्षेच्या दिवशी

हॉल तिकीट, आयकार्ड आणि सही-शिक्क्याचं सर्टिफाय केलेलं जर्नल. जर्नल शेवटच्या आठवड्यात पूर्ण करायला गेलात तर सर सह्यांसाठी सापडत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रयोगाची सही त्याच आठवड्यात घ्या. बारावीला प्रत्येक सायन्स विषयाच्या १०० मार्कांपैकी ३० प्रॅक्टिकलचे, ते सहज मिळण्यासारखे आहेत.

प्रयोग आला की लगेच हात लावू नका. आधी फॉर्म्युला, मग आकृती किंवा सर्किट, मग रिकामं ऑब्झर्व्हेशन टेबल, प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर युनिट. मग लीस्ट काउंट, झिरो एरर, आणि त्यानंतर रीडिंग. सर्किट असेल तर करंट सुरू करायच्या आधी सरांना दाखवा. एक रीडिंग एक्स्टर्नलसमोर (बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर) घेऊन दाखवायला सांगतात, तेव्हा उपकरण सोडलेलं नसावं, म्हणून रीडिंगवर सही मिळाल्याशिवाय ना सर्किट सोडायचं ना ब्युरेट रिकामी करायची.